आधी पाणी, मग बाप्तिस्मा : लक्ष्मीबाई टिळकांची वाट

(दृश्य : नाशिकजवळ गोदावरीचा काठ. सकाळची वेळ. धुणं धुणाऱ्या बायका, दगडावर आपटणाऱ्या कपड्यांचा आवाज.)

नाशिकपासून जवळच, गोदावरीच्या काठी, जलालपूर नावाचं गाव आहे. 1868 साली इथे गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका. सगळे म्हणायचे मनू.

घरावर एक जुनी सावली होती. 1857 च्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या, नानांच्या, मनात सोवळं शिरलं आणि ते पुढे वाढतच गेलं. बाजारातून काही आलं की ते आधी पाण्यात जायचं. धान्य धुणारी घरं खूप असतील. या घरात मीठ आणि साखरही धुतली जायची. पाण्यात बुडवलेलं मीठ हातात किती परत येणार, हे घरातल्या बायकांना दिसत होतं. पण नानांपुढे बोलणार कोण?

ही मनू लग्नानंतर लक्ष्मी झाली. लग्नात तिचं वय अकरा वर्षांचं. नवरा नारायण वामन टिळक, पुढे रेव्हरंड टिळक म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले कवी. आणि ही लक्ष्मी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. मराठी आत्मचरित्रांची गोष्ट निघाली की पहिल्या दोन-चार नावांत त्यांचं नाव येतंच.

त्यांचं सगळं चरित्र इथे सांगायचं नाही. आमच्यासमोर एकच प्रश्न आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईला ख्रिस्त सापडला तो नेमका कुठे?

(दृश्य : धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी विदर्भातली शेतं.)

टिळकांचं उत्तर सरळ आहे. त्यांना तो आगगाडीत आणि पुस्तकात सापडला. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं कवितेवर सुरू झालं आणि धर्मावर आलं. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. टिळक वाचत गेले, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. ती पानं त्यांना सोडवेनात. मग मनातल्या शंका, पत्रव्यवहार, उलटसुलट विचार, आणि शेवटी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा.

बायकोला विचारलेलं नव्हतं.

त्या काळी याचा अर्थ काय होता, ते आज पटकन लक्षात येणार नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. मुलगा दत्तू लहान. माहेरच्या माणसांनी लक्ष्मीबाईंना सांभाळलं, पंढरपूरला नेलं. सुमारे पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. या दुःखात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. काही मिळवायचं म्हणून नव्हे. आत इतकं साठलं होतं की त्याला वाट हवी होती.

पुढे त्या नगरला आल्या. अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 पासून चाललेलं, आणि टिळक इथे मिशनच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकवत होते. लक्ष्मीबाई आल्या त्या नवऱ्यासाठी. धर्मासाठी नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. एवढा उतावळा, रागीट, एका क्षणात घर डोक्यावर घेणारा माणूस. पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत त्याने वाट पाहिली.

(दृश्य : स्वयंपाकघर. परातीत बाजरीचं पीठ. एक बाई भाकरी थापते आहे. कॅमेरा फक्त हातांवर.)

हे हात नीट बघा. पीठ मळून मळून तळहाताच्या टाचेने रेटायचं. गोळा परातीत ठेवून बोटं जुळवून थापायचं, थापता थापता भाकरी आपसूक फिरायला हवी. कड चिरली तर पीठ कमी मळलंय. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि पाणी सुकायच्या आत उलटायची. ज्या बाईने आयुष्यभर हे केलंय, तिला ‘कुणाच्या हातचं’ या शब्दांचं वजन कुणी समजावून सांगावं लागत नाही. सोवळं पोथीत कमी आणि परातीत जास्त असतं. म्हणून ते सुटायचं तर परातीपाशीच सुटणार.

तसंच झालं. एका रात्री लक्ष्मीबाई विचार करत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर माणसामाणसात त्याची काही खूण दिसली असती. पशुपक्ष्यांत निराळ्या जाती ओळखू येतात, माणसांत कुठे येतात? हा विचार त्यांना कुणी शिकवला नव्हता. समोर वाद घालायला कुणी बसलं नव्हतं. सकाळी उठून त्यांनी सांगून टाकलं, आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन, पिईन.

हा क्रम बघा. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. त्याच्या आधी पाण्याचं सोवळं सुटलं होतं, जेवणाचं सुटलं होतं. आधी माणसाच्या हातचा पेला घेतला, मग बाप्तिस्म्याचं पाणी.

(दृश्य : रहाट असलेली जुनी विहीर. भर दुपार. काठावर घागर.)

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात चौथा अध्याय आहे. शोमरोनातली याकोबाची विहीर. भर दुपारी येशू दमून काठावर बसला आहे. एक शोमरोनी बाई घागर घेऊन पाण्याला येते. येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती दचकते. तुम्ही यहूदी, आणि माझ्याकडे पाणी मागता? कारण यहूदी शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत.

युरोपातल्या माणसाला इथे टीप लागते. महाराष्ट्रात कुठल्याही गावात हा अध्याय वाचा, टीप लागत नाही. पाणवठा म्हणजे काय, कुणी कुठून पाणी भरायचं, कुणी लांब उभं राहायचं, हे आपल्या आजी-पणजीने बघितलेलं आहे. आणि येशू तिथे उपदेशाने सुरुवात करत नाही. तो पाणी मागतो. तिच्या हातचं. मग पुढचं सगळं बोलणं होतं, आणि ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावत सुटते.

लक्ष्मीबाईंच्या कवितांचा संग्रह पुढे त्यांच्या मागे निघाला. त्याचं नाव ‘भरली घागर’.

एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. आजही ख्रिस्ती घरांत मुलामुलींची लग्नं जुळवताना जुनी जात विचारली जाते. हळू आवाजात, पण विचारली जाते. एका रात्रीच्या विचाराने लक्ष्मीबाईंनी जे सोडलं, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करूनही सोडलेलं नाही. त्यांचा फोटो चर्चच्या कार्यक्रमात लावताना हे आठवायला हवं.

(दृश्य : पुन्हा स्वयंपाकघर. मिठाची बरणी, दिवा, केरसुणी. एकेक वस्तू जवळून.)

येशूच्या गोष्टी कशाच्या आहेत ते आठवून बघा. पेरायला निघालेला शेतकरी. तीन मापं पिठात खमीर कालवणारी बाई. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून, घर झाडून शोधणारी दुसरी बाई. ते सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करणारी तीच. आणि ज्या प्रवचनापाशी टिळक अडखळले, त्यातच मीठ आहे : तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा, पण मिठाचा खारटपणा गेला तर? टिळकांनी हे पानावर वाचलं. लक्ष्मीबाईंनी मीठ धुतलं जाताना लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. शुद्ध ठेवण्याच्या हट्टापायी पाण्यात विरून जाणारं मीठ. दोघांनाही एकच वचन भेटलं, पण कुणाला ते अधिक खोल कळलं असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मग ते मीठ कामाला लागलं. 1899-1900 चा दुष्काळ आला. पोरकी झालेली मुलं मिशनच्या आसऱ्याला आली, आणि टिळकांचं घरही त्यांना उघडं राहिलं. टिळक पैसा हातात ठेवत नसत. समोर आला त्याला देऊन मोकळे. संध्याकाळी चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. दानाचं अर्धं ओझं नेहमी अशा कुणाच्या तरी डोक्यावर असतं, आणि त्याचा हिशोब कुठे लिहिला जात नाही. सुदैवाने या घरात तो लिहिणारी बाई होती.

नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत राहिल्या. जिथून घरचे लोकही लांब पळत, तिथे परक्यांची शुश्रूषा केली. ज्या घरात मिठालाही विटाळ व्हायचा, त्या घरची ही मुलगी.

(दृश्य : नगरमधलं चर्च. रविवारची उपासना. पेटी आणि तबला. ‘उपासना संगीत’ या भजनांच्या पुस्तकाची उघडी पानं.)

टिळकांनी घरातलं आणि अंगणातलं जग कवितेत आणलं. फुलं आणि मुलं हे त्यांचे विषय. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. त्या कवितेत ख्रिस्ताचं नाव नाही. पण दोन चिमण्या कवडीमोलाने विकल्या जातात आणि तरी त्यातली एकही पित्याच्या नजरेआड पडत नाही, हे वचन मनात ठेवून ती पुन्हा वाचा.

तुकोबांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. म्हणून त्यांची भजनं अभंगात उतरली. त्यांनी कीर्तन केलं, ते ख्रिस्ताचं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली होती, ती 1616 मध्ये छापलीही होती. म्हणजे वाट जुनी होती. टिळकांनी ती घराघरात नेली. आज रविवारी महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये टिळकांचं भजन सुरू होतं, तेव्हा गाणाऱ्याला परकं काही गातोय असं वाटत नाही. आमच्या घरी तर ती भजनं संध्याकाळच्या प्रार्थनेत इतकी मुरलेली होती की ती कुणीतरी बसून लिहिली असतील, हे लहानपणी मनातच आलं नाही.

याच घरात बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवू घातलं, रागावल्या, समजूत काढली. मराठीला ‘औदुंबर’ देणारा कवी या घरच्या पानावर जेवत होता.

(दृश्य : जुनं टेबल, दौत, कागद. खिडकीतून येणारा उजेड.)

1919 मध्ये टिळक गेले. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आईला आठवणी मागू लागला. त्या आठवणींतून पुस्तक झालं. आधी ‘संजीवनी’ साप्ताहिकात आलं, मग 1934 पासून भागांमध्ये. शेवटचा भाग आला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

आमच्याकडे चर्चमध्ये साक्ष देण्याची पद्धत आहे. माणूस उभा राहून सांगतो, प्रभूने माझ्या जीवनात काय केलं. बहुतेक साक्षी एकाच साच्यातल्या असतात : आधी सगळा अंधार, मग सगळा प्रकाश. लक्ष्मीबाईंची साक्ष तशी नाही. सोवळ्यात बुडालेल्या नानांवर त्या हसतात, पण त्यांना काळं फासत नाहीत. पंढरपूरला ज्यांनी आधार दिला, त्या हिंदू नातेवाइकांचं प्रेम त्या तितक्याच मायेने लिहितात. आणि ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांचा राग, आपला हट्ट, घरातली भांडणं, पैशांची ओढाताण, यातलं काही झाकत नाहीत. नवऱ्याला त्या संत करत नाहीत. तरी त्या माणसावरचं प्रेम पानोपानी जाणवतं.

माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची सर्वांत मोठी खूण इथे आहे. खोटं लिहायचं नाही, हा धडा त्यांनी लेखणीतही पाळला. वाचकाला ख्रिस्ती करावं म्हणून त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही, अशी माणसंही हे पुस्तक आपलं मानतात, त्यातले प्रसंग घरी मोठ्याने वाचून दाखवतात.

आज कला-साहित्यात काम करणारी ख्रिस्ती मुलं-मुली विचारतात, आमच्या कामात येशू आणायचा कसा? चित्राच्या कोपऱ्यात क्रूस काढायचा का? गाण्यात नाव घालायचं का? मी त्यांना लक्ष्मीबाईंकडे पाठवतो. कागदावर आधी घर आणा, माणसं आणा, जसं घडलं तसं आणा.

टिळकांनी एक मोठं काम अर्धवट सोडलं होतं. ‘ख्रिस्तायन’. येशूचं चरित्र काव्यात सांगायचा त्यांचा संकल्प, थोडेच अध्याय लिहून झालेले. तेही पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. ज्या बाईला नवऱ्याने सुरुवातीला शब्दांची गोडी लावली, तिने त्याने लिहिले त्याच्या कितीतरी पट अध्याय लिहिले.

‘स्मृतिचित्रे’ अजून वाचलं नसेल, तर पहिल्या पानापासून सुरू करा आणि शक्यतो घरातल्या कुणाला तरी समोर बसवून वाचा. ते बोलल्यासारखं लिहिलेलं आहे, त्यामुळे कानाने जास्त कळतं. नानांच्या सोवळ्याची पानं ऐकून मुलं हसतील, त्यांना हसू द्या. प्लेगचं प्रकरण मात्र घाईत उरकू नका. आणि वाचून झालं की योहानाचा चौथा अध्याय काढा.