थांबलेल्या मिनिटांचा हिशोब

(पहाट. कारखान्यात एकेक दिवा लागतो.)

मंदी ओसरली की ऑर्डर परत येतात, पण पूर्वीसारख्या नाही. एकाच मापाचे दहा हजार नग उचलणारा ग्राहक आता पाचशे मागतो, तेही चार प्रकारांत आणि लगेच. यंत्रं जुनीच असतात, माणसं कमी झालेली असतात आणि नव्या कर्जाची हिंमत नसते. मग त्याच यंत्रांची थांबलेली मिनिटं शोधून वाचवावी लागतात.

जपानच्या वाहन उद्योगाने हे दिवस नव्वदच्या दशकात पाहिले. तेजीचा फुगा फुटला, लॉट (एका खेपेत बनवायचे नग) लहान झाले, सुट्या भागांचे प्रकार वाढले. एका बारकोडमध्ये जेमतेम वीस अक्षरं मावायची, म्हणून एकाच खोक्यावर कितीतरी बारकोड आणि कामगाराच्या हातात दिवसभर स्कॅनर. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. १९९४ मध्ये क्यूआर कोड आला. त्यात नुसते आकडे भरले तर सात हजारांवर मावतात. आज प्रत्येकाच्या मोबाईलला ओळखीचा असलेला तो चौकोन कामगारांचे कष्ट वाचवण्यासाठी जन्मला, हे मला फार मोलाचं वाटतं.

(पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवरची डाय, म्हणजे साचा, उतरवली जाते.)

लहान लॉट म्हणजे वारंवार सेटिंग, म्हणजे दर वेळी नव्या भागासाठी यंत्र तयार करणं. टोयोटात १९६९ मध्ये १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. सल्लागार शिगेओ शिंगो यांनी तिथल्या लोकांबरोबर काम करून ते दीड तासावर आणलं, नंतर तीन मिनिटांवर. प्रेस चालू असताना काय उरकता येईल आणि कशासाठी ती थांबवावीच लागेल, हे त्यांनी आधी वेगळं केलं. सेन्सर विकत घेण्याआधी प्रत्येक कारखान्याने हे करून पाहावं.

(जुन्या लेथच्या केबलमधल्या एका तारेभोवती छोटा क्लॅम्प बसतो.)

मग हा क्लॅम्प, म्हणजे तारेभोवती बसणारा सेन्सर. यंत्र न उघडता तो करंट मोजतो. करंट चढला की कटिंग चालू, उतरला की यंत्र रिकामं फिरतंय, शून्य म्हणजे बंद.

पण बंद का? ते ऑपरेटरलाच ठाऊक. माल आला नाही, टूल तुटलं, क्रेन मोकळी नाही. त्यासाठी यंत्राशेजारी स्क्रीनवर चार-पाच बटणं पुरतात. या नोंदींवरून कुणाला एकदा जरी झापलं, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळे ‘इतर’ हेच बटण दाबू लागतात आणि सगळा खर्च वाया जातो. मंदीत ज्या अनुभवी माणसांना घरी बसवलं, त्यांच्याबरोबर ही माहिती आधीच बाहेर गेलेली असते. जे उरलेत, त्यांचं तरी ऐकायला हवं.

(पाळी सुरू होण्याआधी. सगळे फळ्यासमोर उभे.)

काल सर्वांत जास्त वेळ कशात गेला? क्रेनची वाट पाहण्यात. मोठे जॉब (यंत्रावर तयार होणारे भाग) एकाच वेळी उतरत होते. आज त्यांच्या वेळा बदलल्या आहेत.

(क्रेनचा हुक सावकाश खाली येतो.)