चाकोरी पडण्याआधी

[दृश्य : सकाळचा बर्फाचा उतार. लाल-निळे गेट रोवलेले आहेत. बर्फावर अजून एकही खूण नाही.]

स्कीइंगची शर्यत सुरू व्हायला थोडा वेळ आहे. उतार असा दिसतोय, जणू कुणी हाताने सारवून ठेवलाय. पण हे फार वेळ टिकत नाही. पहिला खेळाडू खाली गेला की प्रत्येक गेटपाशी, म्हणजे जिथे वळायचं त्या खांबांपाशी, बर्फात एक रेघ उमटते. दुसरा गेला की ती खोल होते. विसाव्या-तिसाव्या खेळाडूपर्यंत तिथे चांगली चाकोरी पडलेली असते. पावसाळ्यात बैलगाडीच्या वाटेवर पडते ना, अगदी तशी. फक्त ही चाकोरी बर्फाची, कडक, आणि तिच्यात शिरायचं ते भरधाव मोटारीच्या वेगाने.

दोन पायांच्या खेळाडूची एक स्की चाकोरीत अडखळली, तर तो क्षणात दुसऱ्या पायावर भार घेतो आणि सावरतो.

डायना गोल्डनला दुसरा पाय नव्हता.

[दृश्य : न्यू हॅम्पशायरचे डोंगर, हिवाळा.]

डायनाचा जन्म 1963 सालचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लिंकन नावाचं गाव आहे, तिथली ती. पाच वर्षांची असल्यापासून घरच्यांबरोबर न्यू हॅम्पशायरमधल्या कॅनन माउंटनवर स्कीइंगला जायची. शाळेतल्या इतर खेळांत तिचं मन फारसं रमत नव्हतं, बर्फात मात्र रमायचं.

बारा वर्षांची असताना एक दिवस बर्फात खेळून घरी चालत येत होती, आणि उजवा पाय अचानक खचला. तपासण्यांत हाडाचा कर्करोग निघाला. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा त्या मुलीने विचारलं, मला पुन्हा स्की करता येईल का? येईल, असं उत्तर मिळालं. आणि काही महिन्यांत ती खरंच उतारावर परतली.

[दृश्य : जवळून. एक बूट, एक स्की. स्कीची धातूची कड बर्फात रुतते.]

एका पायावर स्कीइंग करतात तरी कसं, हे इथे नीट समजून घेऊ, कारण त्याशिवाय डायनाची कामगिरी कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी कुबड्यांच्या टोकांना छोट्या स्की बांधल्या, आणि त्यातून ही पद्धत रुजली. या कुबड्यांना आउटरिगर म्हणतात. पायाखाली एक स्की, दोन हातांत दोन छोट्या स्की, म्हणून बर्फावर तीन रेघा उमटतात. तोल सांभाळायला हे उत्तम. बहुतेक जण असंच शिकतात, डायनाही असंच शिकली.

पण शर्यतीत तिने आउटरिगर सोडून दिले. बर्फाला टेकलेली प्रत्येक जादा वस्तू वेग खाते. तिने दोन पायांचे खेळाडू वापरतात त्याच साध्या काठ्या हातात घेतल्या. बर्फावर आता एकच रेघ.

वळण घेताना स्कीपटूचा भार बाहेरच्या पायावर येतो. उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर, डावीकडे वळायचं तर उजव्या. डायनाला उजवं वळण त्यामानाने सोपं होतं, कारण तिचा डावा पाय होता तिथे होताच. डाव्या वळणाला मात्र भार घ्यायला बाहेरचा पायच नाही. मग त्याच डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या बाजूवर, सगळं अंग तोलायचं. तुम्ही नुसतं घरात, भिंतीला न धरता, एका पायाच्या करंगळीकडच्या कडेवर उभं राहून बघा. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे गेटमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, गेट आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे येतात. म्हणजे दर दुसऱ्या गेटला ही कसोटी, तीही उतारावर, सुसाट वेगात.

[दृश्य : रिकामं स्टेडियम, पायऱ्यांच्या रांगा.]

सतराव्या वर्षी ती अपंग खेळाडूंच्या राष्ट्रीय संघात होती. 1982 साली नॉर्वेतल्या जागतिक स्पर्धेत तिने डाउनहिल, म्हणजे कमी वळणांची, वेगाची शर्यत जिंकली. डार्टमथ कॉलेजात ती तिथल्या स्की संघाबरोबर सराव करायची. बाकीचे स्टेडियमच्या पायऱ्या धावत चढायचे, ही एका पायावर उड्या मारत चढायची.

मग ती थकली. 1984 साली पदवी घेतली आणि शर्यती सोडून नोकरीला लागली. पण बर्फाने तिला परत ओढलं, आणि या वेळी ती पूर्ण वेळ, व्यावसायिक खेळाडू म्हणून आली. स्कीच्या कंपन्यांकडे तिने दोन पायांच्या खेळाडूंसारखंच प्रायोजकत्व मागितलं. आणि दोन पायांच्या खेळाडूंबरोबरच शर्यतीतही उतरायचं ठरवलं.

इथे ती चाकोरी आडवी आली.

सर्वांसाठी खुल्या शर्यतीत सुटण्याचा क्रम मानांकनावर ठरतो. अपंग खेळाडूंचं मानांकन साहजिकच खालचं, म्हणून त्यांची पाळी शेवटी. म्हणजे ज्यांना सपाट बर्फाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्या वाट्याला सगळ्यात उखडलेला उतार. घड्याळ मग त्या खेळाडूचा वेग मोजतच नव्हतं, त्याच्या पाळीचा क्रमांक मोजत होतं.

डायना आणि तिच्या सहकाऱ्यांनी सवलतीचे सेकंद मागितले नाहीत. वेगळा, सोपा उतारही मागितला नाही. त्यांना फक्त वेळेवर सुटायचं होतं. 1985 साली युनायटेड स्टेट्स स्की असोसिएशनने नियम केला : पहिल्या फळीतले खेळाडू उतरले की आघाडीच्या अपंग खेळाडूंसाठी जागा राखीव. म्हणजे चाकोऱ्या खोल होण्याआधी त्यांची पाळी. लोक या नियमाला डायनाच्या आडनावावरून 'गोल्डन रूल' म्हणू लागले.

मला स्वतःला तिच्या सगळ्या पदकांपेक्षा हा नियम मोठा वाटतो. पदक एका खेळाडूचं असतं. या नियमाचा फायदा तिच्या नंतर आलेल्या प्रत्येकाला मिळाला.

[दृश्य : कॅनडा, नाकिस्काचा डोंगर.]

1988 हे तिचं वर्ष. जानेवारीत ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळी पॅरालिम्पिक झालं, तिथे दोन सुवर्णपदकं. पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या कॅलगरीला ऑलिम्पिक. तिथे अपंगांचं जायंट स्लॅलम प्रात्यक्षिक खेळ म्हणून ठेवलं होतं, म्हणजे पदक मिळणार, पण देशाच्या पदकतक्त्यात ते मोजलं जाणार नाही. नाकिस्काच्या उतारावर डायनाने ते जिंकलं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने वर्षातली सर्वोत्तम महिला स्कीपटू म्हणून तिची निवड केली. अपंगांमधली सर्वोत्तम नव्हे, देशातल्या सगळ्या महिला स्कीपटूंमध्ये सर्वोत्तम. हे तिला फार हवं होतं. लोक तिला शूर म्हणायचे, प्रेरणा म्हणायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, आणि ती वैतागायची. कुणी आपलं वळण बघावं, वेळ बघावी, हरलो तर का हरलो ते विचारावं, एवढंच तिचं म्हणणं.

1990 साली ती थांबली, तेव्हा खात्यावर दहा जागतिक आणि एकोणीस राष्ट्रीय सुवर्णपदकं होती.

[दृश्य : संध्याकाळ. उतारावर लांबलेल्या सावल्या.]

पुढची वर्षं थोडक्यात सांगते. स्तनांचा कर्करोग झाला, दोन्ही स्तन काढावे लागले. पाठोपाठ गर्भाशयही. निराशेच्या भरात तिने जीव द्यायचाही प्रयत्न केला, आणि हे तिने नंतर लपवून ठेवलं नाही. मग एक कुत्र्याचं पिल्लू घरात आलं. मिडनाइट सन, मध्यरात्रीचा सूर्य, असं त्याचं नाव. त्या पिल्लाच्या मागे ती हळूहळू पुन्हा घराबाहेर पडू लागली. 1997 साली तिने एका व्यंगचित्रकाराशी लग्न केलं. तेव्हा कर्करोग परतलेला होता आणि बरा होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

25 ऑगस्ट 2001 रोजी डायना गेली. वय अडतीस.

[दृश्य : पुन्हा सकाळचा तोच उतार. पहिल्या फळीतला शेवटचा खेळाडू खाली पोहोचतो. वर सुरुवातीच्या फाटकाशी एक मुलगी येऊन थांबते. पायात एकच स्की.]

गेटपाशी रेघा उमटल्यात, पण अजून उथळ आहेत. तिचा क्रमांक पुकारला जातो.