दहावीनंतर: आयटीआय की डिग्री?

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात घरोघरी एकच धोशा सुरू होतो: काहीही कर, पण ग्रॅज्युएट हो. त्यामागची धास्ती मी समजू शकते. 1962 साली एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला तो आपल्या वागळे इस्टेटमध्ये. तिथल्याच कंपन्यांना टाळी लागलेली आणि शेड पाडून काचेच्या इमारती उठलेल्या ज्या आईवडिलांनी पाहिल्या, ते मुलाला पुन्हा कारखान्याकडे कसे पाठवतील?

पण जरा खाडीपलीकडे बघा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. आत रांगेने सर्व्हर. ते चोवीस तास चालतात ते हाय टेन्शनची वीज, यूपीएस, जनरेटर आणि चिलर यांच्या जिवावर. चिलर बंद पडला की सर्व्हर तापायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी मध्यरात्री धावून जातो तो इलेक्ट्रिशियन, नाहीतर एसीचा मेकॅनिक. संगणकाच्या युगात हातांना काम उरणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा या माणसांची शिफ्ट बघावी.

आणि हे काम बिनडोक्याचं नाही हो! आयटीआयत, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, फिटर ट्रेडच्या, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग बनवायच्या-जोडायच्या कामाच्या, पोराला सुरुवातीला लोखंडाचा एक तुकडा देतात आणि कानशीने चौरस करायला सांगतात. ऐकायला सोपं वाटतं. तो घासतो, काटकोन तपासायला गुण्या लावतो, खिडकीकडे धरून बघतो. फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. हात दुखतात, मन वैतागतं. पुढे व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा. ज्या मुलाला यात तहानभूक विसरायला होतं, त्याला केवळ शेजारपाजारच्या लाजेखातर बी.कॉम.ला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

मात्र कोणाच्या तरी हाताखाली हेल्पर म्हणून लागणं म्हणजे ट्रेड शिकणं नव्हे. तिथे वर्षं जातात आणि हातात कागद येत नाही. आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. ते रीतसर करा, मग 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत अ‍ॅप्रेंटिसशिप करा. विद्यावेतन मिळतं, प्रमाणपत्र मिळतं. शिवाय शिक्षणाची वाट तिथे संपत नाही. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या.

डॉक्टर, वकील व्हायचं किंवा राज्यसेवा परीक्षा द्यायची, तर पदवीला पर्याय नाही. तिथे खुशाल कॉलेज गाठा. माझं भांडण ध्येयाशिवाय घेतलेल्या पदवीशी आहे. तीन वर्षं कशीबशी काढायची आणि मग 'आता काय?' म्हणून क्लास शोधत फिरायचं.

पालकांनो, प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी मुलाला, आणि मुलीलाही, घेऊन वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन या. विनंती करून वर्कशॉप दाखवायला सांगा. मागच्या बॅचची मुलं कुठल्या कंपनीत अ‍ॅप्रेंटिस लागली, किती जणांना पुढे नोकरी मिळाली, हे स्पष्ट विचारा. आणि मग कॉलेजच्या ऑफिसात जाऊन पदवीच्या मुलांबद्दलही हेच प्रश्न विचारा, तितक्याच धिटाईने.

नमस्कार.