सोर्स तोच, फाइल वेगळी

[दृश्य: दोन स्क्रीन, दोन्हींवर एकच कमांड]

सोर्स कोड तोच. त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलरही तोच, अगदी आवृत्तीसकट. तरी दोन कॉम्प्युटरवर बिल्ड केलेल्या, म्हणजे सोर्सपासून तयार केलेल्या, फाइलींचे हॅश (फाइलीतून गणिताने काढलेले ठसे) जुळत नाहीत.

हॅशवरून फरक केवढा आहे ते कळत नाही. एक बिट इकडचा तिकडे झाला, तरी आख्खा हॅश बदलतो. फाइल उघडूनच बघावी लागते.

[क्लोज-अप: हेक्स एडिटर]

ही जीझिप या टूलने आकार कमी केलेली फाइल. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे चार बाइट बघा. मूळ फाइल शेवटची कधी बदलली, ती वेळ इथे आहे, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. फरक एवढाच, बाकी फाइल हुबेहूब तीच. जीझिप चालवताना ‘-एन’ लावलं की ही वेळ लिहिलीच जात नाही.

वेळ निदान चटकन सापडते. डीबग माहितीत (चुका शोधायला ठेवलेल्या नोंदींत) शिरलेला फोल्डरचा पाथही सापडतो. खरा छळ क्रमाचा. फोल्डरमधल्या फाइली अमुकच क्रमाने द्याव्यात, असं बंधन फाइल सिस्टिमवर नसतं. बिल्ड स्क्रिप्टने ती यादी जशीच्या तशी लिंकरला, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलला, दिली, की फंक्शनं आतल्या आत जागा बदलतात. सॉर्ट करावं, तर लोकेल (कॉम्प्युटरची भाषा-प्रदेशाची सेटिंग) आडवं येतं: एकीकडे कॅपिटल अक्षरं आधी, दुसरीकडे स्मॉलमध्ये मिसळलेली.

एवढा कीस का पाडायचा? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं, की सोर्समध्ये मागमूस न ठेवता कंपायलरच चोरवाट घालू शकतो. २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. घुसखोरी बिल्डच्या टप्प्यावर झाली होती आणि अपडेटवर सही मात्र कंपनीचीच, अस्सल. अशी ढवळाढवळ पकडायची, तर दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र बिल्ड करून ताडून पाहायला हवं. पण निरुपद्रवी फरकांचीच गर्दी असेल, तर घातक फरक त्यात सहज लपतो.

[दृश्य: दोन टर्मिनल, दोन वेगळ्या तारखा]

डेबियन या लिनक्स प्रणालीत, कुणीही बिल्ड केलं तरी फाइल बाइट-न्-बाइट तीच यावी, हे काम २०१३ पासून चालू आहे. ‘सोर्स डेट इपॉक’ हा व्हेरिएबल दिला, की तो मानणारी टूल्स चालू घड्याळाऐवजी ठरलेली वेळ लिहितात. चाचणीत तर मुद्दाम खोडी काढतात: दुसऱ्या बिल्डला घड्याळ पुढे, टाइम झोन वेगळा, लोकेल वेगळं.

डिजिटल सही मात्र दुसऱ्याला पुन्हा बनवता येत नाही, कारण सहीसाठी लागणारी खासगी की (गुप्त किल्ली) एकाकडेच असते. त्यामुळे ती फाइलमध्येच असेल, तर आधी बाजूला काढतात आणि मग बाइट ताडतात.