झाकणावरचा हवेचा स्क्रू

(दृश्य: सकाळचं पाणी. एक छोटी होडी काठ सोडते.)

दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. होडी धक्क्यापासून सुटली. पाच मिनिटं झाली, सात झाली. मग इंजिनाचा आवाज बसत गेला, दोन आचके आले आणि सगळं थंड. आता फक्त पाण्याची चुळुकचुळुक ऐकू येते, आणि होडी ओढीबरोबर हळूहळू आडवी होत चाललेली.

टाकी तर भरलेली आहे. मग माणसं प्लग काढून बघतात, फिल्टर पुसतात, दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात. दोष मात्र टाकीच्या झाकणावर बसलेला असतो, बोटाच्या पेराएवढ्या एका स्क्रूत. निघताना तो सैल करायचा राहून गेला.

(दृश्य: लाल टाकी, नळी, रबरी बल्ब.)

लहान आउटबोर्ड इंजिनाची, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवलेल्या इंजिनाची, पेट्रोलची टाकी बहुधा सुटी असते. हातानं उचलून न्यायची, 12 किंवा 25 लिटरची, लाल प्लास्टिकची. तिच्यातून एक नळी निघते. नळीच्या वाटेवर रबरी प्रायमर बल्ब असतो, हातानं दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा, आणि पुढे इंजिनावर पडद्याचा छोटा पंप. हा पंप पेट्रोल ओढतो खरा, पण त्याचा जोर बेताचाच.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार लागत नाही, तेल गचके खात येतं. म्हणून आपण समोर दुसरं भोक पाडतो, हवेसाठी. टाकीचंही तेच आहे. जेवढं पेट्रोल बाहेर गेलं, तेवढी हवा आत यायला हवी. झाकणावरचा स्क्रू हे ते दुसरं भोक. याला व्हेंट म्हणतात.

तो बंद राहिला तर नेमकं काय होतं, ते आकड्यांत बघू. समजा, 25 लिटरच्या टाकीत वर 2 लिटर जागा रिकामी आहे. 10 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण 4 लिटर पेट्रोल पितं. म्हणजे साडेसात मिनिटांत अर्धा लिटर गेलं. त्या 2 लिटर हवेला आता अडीच लिटरांत पसरावं लागतं, आणि तिचा दाब पाचव्या हिश्शानं उतरतो. आधी टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात, त्यामुळे थोडा वेळ निभावतं. मग छोट्या पंपाला ओढ जमेनाशी होते. टाकी अर्धी रिकामी असती तर हेच व्हायला पुष्कळ जास्त वेळ लागला असता. म्हणजे टाकी जितकी भरलेली, तितकं इंजिन लवकर गुदमरतं.

या दोषाची मला खरी भीती वाटते ती त्याच्या वेळेमुळे. धक्क्याला बांधलेली असताना होडी काहीच सांगत नाही. इंजिन सुरू होतं, छान फिरतं. बंद पडतं ते काठ लांब गेल्यावर. त्यात आणखी एक फसगत आहे. पेट्रोल संपलं की काय म्हणून कुणीतरी झाकण उघडून डोकावतं. हवा आत जाते, झाकण परत घट्ट बसतं, इंजिन सुरू होतं. सगळ्यांना वाटतं, कचरा अडकला होता, निघाला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. असं ठरावीक अंतरानं बंद पडणारं इंजिन दिसलं की पहिला हात झाकणाकडे जायला हवा.

(दृश्य: बल्ब अगदी जवळून.)

हा बल्ब नीट बघा. तो चपटा झालाय, दोन्ही बाजू आत चिकटल्यात. दाबून सोडला तरी फुगत नाही. म्हणजे टाकीकडून वाट अडली आहे. आता स्क्रूचे दोन आटे सैल करू. ऐका... सूं करून हवा आत शिरते. बल्ब हळूहळू गोल होतो. आता तो दाबत राहायचा, कडक लागेपर्यंत. बल्ब कडक झाला आणि तरीही इंजिन उठलं नाही, तर मात्र दोष पुढे इंजिनाकडे शोधायचा.

(दृश्य: दुपार. उन्हात उभी टाकी, पोट फुगलेलं.)

आता उलटी गोष्ट. होडी उभी आहे, स्क्रू बंद आहे, नळी इंजिनाला जोडलेलीच राहिली आहे आणि ऊन चढलंय. तापमान 20 अंशांनी वाढलं तर 25 लिटर पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. वाफेचा दाब वाढतो तो वेगळाच. टाकीची पोटं बाहेर येतात, आणि हा दाब पेट्रोलला नळीतून इंजिनाकडे ढकलतो. कार्ब्युरेटरमधली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातली, पेट्रोल अडवणारी सुई असला जोर अडवायला केलेली नसते. पेट्रोल ओघळतं, इंजिनाच्या टोपाखाली साचतं, तिथून होडीत उतरतं.

इथे घाई नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी बसते. हवेत फक्त 1.4 टक्के वाफ असली तरी ठिणगी पुरते. म्हणून इंजिन थांबलं की टाकीकडची नळी काढायची, टाकी सावलीत ठेवायची, पण बंद कप्प्यात कोंबायची नाही.

मग व्हेंट कायम उघडाच का ठेवू नये? लाटांचे तुषार आणि पाऊस आत जातात म्हणून, आणि होडी कलली की पेट्रोल सांडतं म्हणून.

जुन्या इंजिनांची एक गंमत इथे सांगायलाच हवी. 1950 च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड या अमेरिकी कंपन्यांच्या कित्येक इंजिनांना पंपच नव्हता. टाकीला दोन नळ्या असत. एकीतून इंजिन टाकीत हवा भरायचं, त्या दाबानं दुसरीतून पेट्रोल यायचं. तिथे झाकण सैल झालं की इंजिन बंद!

आणि अलीकडची टाकी पुन्हा वेगळी. अमेरिकेत 2011 पासून वाफ हवेत सुटू नये म्हणून नियम आला. नव्या टाकीचं झाकण हवा आपोआप आत घेतं, पण 5 पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचं एक माप) दाब बाहेर सोडत नाही. म्हणून ती उन्हात टम्म फुगते, आणि तिच्यासोबत नळीवर एक झडप लागते, जी इंजिनानं ओढल्याशिवाय पेट्रोल पुढे सोडत नाही. फुगलेली टाकी बघून घाबरून कुणी झाकणाला भोक पाडतं. कृपा करून असं करू नका. नळी जोडण्याआधी दाब सोडला की काम होतं.

(दृश्य: संध्याकाळ. होडी काठाला लागते.)

होडी बांधली. नळी टाकीपासून निघाली. आसपास विडी-सिगारेट नाही ना, हे बघून झाकण अगदी सावकाश, पाव आटा फिरवलं. फुस्स... टाकीचं पोट खाली बसलं. झाकण घट्ट, स्क्रू बंद. टाकी उचलून काठावर आणली आणि भरायला जमिनीवर ठेवली. पेट्रोल भरायच्या पंपाच्या नळीचं तोंड टाकीला टेकवून पेट्रोल सोडलं, आणि फुगायला वर थोडी जागा ठेवून थांबवलं.