काट्यावरचा लाल पट्टा

[दृश्य: पहाट. हिंगणघाट परिसरातलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. फाटकाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मध्येच एखादी बैलबंडी.]

निवेदन :

रांग रात्रीपासूनची आहे. ट्रॉलीत कापूस, कापसावर ताडपत्री, ताडपत्रीवर पांघरूण घेऊन झोपलेला एक पोरगा. फाटक उघडलं की भरलेली गाडी काट्यावर चढेल, गंजीपाशी खाली होईल आणि रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येईल. भरलेल्यातून रिकामी वजा केली की कापसाचं वजन. त्यानंतर चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे.

या ‘त्यानंतर’मध्येच इथं अख्खा दिवस जात होता. शेतकरी ऑफिसच्या ओट्यावर बसून राहायचे, आणि शेठजींना वाटायचं की आतले लोकही बसूनच राहतात. म्हणून मागच्या हंगामात फाटक, काटा, ग्रेडिंग (कापसाची प्रत ठरवणं) आणि हिशेब अशा चारही कॉम्प्युटरवर देखरेखीचं सॉफ्टवेअर बसलं.

[दृश्य: स्क्रीनवर हिरवे-लाल पट्टे.]

त्याची रीत साधी आहे. कोणता प्रोग्राम किती वेळ समोर होता, कीबोर्ड-माउस किती हलले, याची ते नोंद ठेवतं. ठरवलेली मिनिटं हात लागला नाही की पट्टा लाल. सेटिंग चालू असेल तर मधूनमधून स्क्रीनचा फोटोही काढतं. इंटरनेट गेलं तर नोंदी मशीनमध्येच साठवतं आणि आलं की पाठवून देतं. लाइट गेल्यावर मात्र माणूस खुर्चीतच असतो आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तो गायब असतो. आमच्याकडच्या लाइटचा भरवसा काय सांगावा!

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांत लांब लाल पट्टा निघाला काट्यावरच्या पोराचा. बोलणी बसली. तो म्हणाला, “शेठजी, मी बसून नव्हतो जी. ग्रेडरभाऊची चिठ्ठी पाहाले गंजीवर गेलो होतो. ते त्यायच्या खिशातच राहून जाते.”

चिठ्ठी म्हणजे ओलाव्याचा आकडा, आणि भाव त्यावर ठरतो. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, 12 पर्यंत कपात करून घेते, त्यापुढचा कापूस घेत नाही. खासगी खरेदीतही आधी ओलावाच पाहतात. ती चिठ्ठी आल्याशिवाय पावती पुढं सरकत नाही.

गुंता सोडवला हिशेब पाहणाऱ्या ताईंनी. तोवर अहवाल माणसांच्या नावानं वाचला जात होता. ताईंनी काट्याच्या पावत्या शेजारी ठेवून तो गाडीच्या नंबरानं लावला. मग दिसलं की एकाच शेतकऱ्याचं नाव तीनदा टाइप होतं : फाटकावर, काट्यावर आणि पुन्हा हिशेबाच्या एक्सेलमध्ये. खाते क्रमांक तर व्हॉट्सॲपवर आलेला पासबुकाचा फोटो मोठा करून एकेक आकडा वाचत भरायचा. एखादा आकडा चुकला की चुकारा अडकलाच. आणि हा सगळा वेळ हिरव्या पट्ट्यात होता! बोटं चालू होती ना.

आता टोकन फाटकावरच मिळतं. रांगेत थांबल्या थांबल्या पासबुक तपासून होतं आणि तोच नंबर पुढं शेवटपर्यंत जातो. ग्रेडर ओलाव्याचा मीटर कापसात खुपसतो आणि आकडा तिथंच, गंजीपाशी उभ्या उभ्या मोबाइलमध्ये भरतो. सकाळी काटा झालेल्याचा चुकारा बहुधा त्याच दिवशी निघतो.

स्क्रीनचे फोटो मात्र बंद करावे लागले. एका फोटोत ताईंच्या आईचा दवाखान्याचा रिपोर्ट आला होता, आणि तो शेठजींच्या मोबाइलवर उघडला. शेठजी स्वतःच ओशाळले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरायची वाट आहे, म्हणून तर मर्यादा घरातच ठरवलेली बरी. काय नोंदवलं जातं आणि कोण पाहतं, ते आता मराठीत लिहून भिंतीवर चिकटवलंय.

गावाला हे प्रकार नवे नाहीत. रोजगार हमीच्या कामांवर 1 जानेवारी 2023 पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं, की लोक फोटोचाच फोटो काढून चढवतात. मोजणाऱ्याला काय हवंय ते कळलं, की तेवढंच पुरवलं जातं.

[दृश्य: दुपार. काट्याची खोली. बाहेर ट्रॅक्टर मागं-पुढं होतोय.]

काट्यावरच्या कॉम्प्युटरवरची लाल पट्ट्याची अटही शेठजींनी काढून टाकली आहे. गाडी नीट चढेपर्यंत पोरानं खिडकीतून बाहेर पाहत उभं राहायचं, तेच त्याचं काम. तो उभा आहे, हातानं ड्रायव्हरला खुणा करतोय, “अजून मागं, अजून, बस्स!” आणि त्याचा डावा कोपर, त्याच्याही नकळत, दर थोड्या वेळानं माउसला ढकलतोय.