रेडिओवर गप्प राहणारा माणूस

मंडळी, स्टेजवर पॉझ घेतला तर निदान चेहरा तरी दिसतो, पण रेडिओवर तुम्ही गप्प झालात की ऐकणाऱ्याला वाटतं सेटच बिघडला, आणि तो उठून बटणं फिरवायला लागतो. अमेरिकेतल्या जॅक बेनीने त्याच रेडिओवर गप्प राहून लोकांना हसवलं, म्हणून आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की. जन्म शिकागोचा, १८९४ चा, वाढला वॉकीगनमध्ये. लहानपणी व्हायोलिन शिकला, त्याच्यावरच व्हॉडव्हिलमध्ये शिरला, म्हणजे गाणी, नकला, कसरती सगळं असायचं ते तिकडचे शो, आणि हळूहळू वाजवणं कमी नि बोलणं जास्त होत गेलं. १९३२ मध्ये रेडिओवर आला तर सुरुवातीलाच काय म्हणाला, मी जॅक बेनी, आता जरा थांबतो, तेवढ्यात तुम्ही 'आम्हाला काय त्याचं' म्हणून घ्या!

मग त्याने स्वतःच्याच नावाचं एक पात्र रचलं. महाचिकट, तळघरात तिजोरी, वय कायम ३९, आणि खटारा मॅक्सवेल गाडी, जिचा खोकल्यासारखा आवाज मेल ब्लँक तोंडाने काढायचा (हाच तो बग्ज बनीचा आवाज). दर आठवड्याला हेच, वर्षानुवर्षं. आणि १९४८ मध्ये तो प्रसंग आला. रस्त्यात चोर अडवतो, म्हणतो पैसे काढ नाहीतर जीव घेतो. बेनी गप्प. चोर परत दरडावतो, तेव्हा हा वैतागून म्हणतो, "विचार करतोय ना!"

आता बघा, लोक त्या गप्प बसण्यातच हसायला लागले होते, शेवटचं वाक्य यायच्या आधीच. कारण सोळा वर्षं ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्यांना पाठ झालं होतं. आपण टायमिंग टायमिंग म्हणतो ना, ते मला वाटतं दोन सेकंदांचं नसतंच, त्या सोळा वर्षांचं असतं. नवीन मुलांना मी हे नेहमी सांगतो.

आणि दुसरं म्हणजे चांगले लाफ्टर त्याने दुसऱ्यांना दिले. रॉचेस्टर हा त्याचा नोकर, एडी अँडरसन हा कृष्णवर्णीय नट ते काम करायचा, १९३७ मध्ये आधी रेल्वेतला पोर्टर म्हणून आला होता, तो मालकाची बिनधास्त टर उडवायचा आणि मालक ऐकून घ्यायचा. त्या काळातल्या अमेरिकेत, विचार करा! कार्यक्रमाला नाव बेनीचं आणि टाळ्या रॉचेस्टरला, हे चालवून घ्यायला फार मोठं मन लागतं.

१९५० पासून टीव्ही, तोही १९६५ पर्यंत, तिथे गालावर हात ठेवून नुसतं प्रेक्षकांकडे बघायचा. बास.

व्हायोलिन बेसूर वाजवतो हाही त्याचा एक जोक होता. पण खरा माणूस म्हातारपणीसुद्धा मन लावून रियाज करायचा, आणि मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांसोबत उभं राहून त्यांच्या मदतीसाठी त्याने लाखो डॉलर उभे केले. १९७४ मध्ये गेला, आणि त्याचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन, म्हणजे जुन्या इटालियन कारागिराच्या हातचं महागडं वाद्य, लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राला देऊन गेला.